डाव्या बाजूची जाळी

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, झरीहून परभणीला जाणाऱ्या रस्त्यावर, दोन बाभळी आणि एक बंद पडलेलं पानाचं खोकं आहे त्या ठिकाणी. वेळ इतकी पक्की सांगता येते, कारण मी दादाला केलेला पहिला फोन नऊ बावीसचा आहे. मधली दोन मिनिटं मी काहीही केलं नाही. रस्त्यावर उभा होतो.

वहिनीचं नाव इथं नाही. तिनंच नको म्हटलं. गावात आधीच लय झालंय, आता छापून आणखी कशाला, असं तिचं म्हणणं. तिचं नाही तर मग माझंही नको, दादाचंही नको. आमच्याकडं एका नावावरून अख्खं घर सापडतं. एरवी मी नावं गाळणारा माणूस नाही. तीन वर्षं मी एका संघटनेची पत्रकं लिहितोय. वसतिगृहाचं पाणी, अडकलेली शिष्यवृत्ती, रेशनचं धान्य, काय वाटेल ते. लिहायला शिकवलं ते आमच्या गुरुजींनी. ते निवृत्त शिक्षक, आणि संघटनेचं कार्यालय म्हणजे त्यांच्याच घराची पडवी. पहिल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं की सुरुवातीला कुणावर अन्याय झाला आणि कधी झाला ते यायला पाहिजे, मधे कसूर कुणाचा ते, आणि शेवटी मागणी. आणि मागणी अशी पाहिजे की कागद हातात असतानाच वाचणाऱ्याला ती पुरी करता यावी.

हे त्याच साच्यात लिहितोय. मधली जागा भरायला मात्र या वेळी मला पंधरा दिवस लागले.

गाडी दादाची. दादा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. तिथल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी जाता जाता त्यांची क्रूझर मोटारसायकल दादाला दिली. लांब, बसकी, हँडल वर आलेलं, पाय पुढं टाकून निवांत बसायचं, असली गाडी. गल्लीतली पोरं तिला खाट म्हणायची. साहेबांनी ती दहा वर्षं बायको-लेकरांना घेऊन चालवलेली, त्यामुळं तिच्या अंगावर संसाराच्या सगळ्या खुणा होत्या. मागं टेकायला रेक्झिनची गादी, तिच्याही मागं डबा-पिशवी बांधायचं स्टीलचं कॅरियर, आणि मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला ती जाळी. साडीगार्ड. चाकावर आडवी बसवलेली लोखंडी जाळी, आणि तिच्या खाली एक रुंद पट्टी. बाई एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसली की पाय त्या पट्टीवर ठेवायचे आणि साडी जाळीच्या अलीकडं राहायची. इतकं साधं काम आहे त्या वस्तूचं. तुमच्या घरी गाडी असेल तर तुम्ही ती हजार वेळा पाहिली असेल आणि एकदाही पाहिली नसेल.

मला ती गाडी तशी बघवायची नाही. एप्रिलात जयंतीची रॅली असते, आमच्या भागातून सत्तर-ऐंशी गाड्या निघतात, आणि मी संघटनेचा माणूस म्हणून पुढं असतो. पुढं चालणाऱ्याच्या गाडीला डबा बांधायचं कॅरियर? मी दादाला म्हटलं, महिनाभर गाडी माझ्या ताब्यात दे, ओळखायची नाहीस. दादा म्हणाला, चालली म्हंजे झालं.

मग मार्चभर अंगणातल्या लिंबाखाली माझं काम चाललं. खोटं कशाला सांगू, तेवढा आनंद मला एकाही मोर्चात मिळाला नाही. टाकी उतरवून पॉलिश पेपरनं घासली, आधी खरखरीत, मग बारीक, मग पाणी लावून, बोटांची सालं जाईपर्यंत. तिच्यावर चमक नसलेला काळा रंग मारला. रंग वाळल्यावर चिकटपट्टी लावून कडेनं एक निळी रेघ ओढली, हातानं, आणि ती इतकी सरळ आली की येणारे-जाणारे बोट लावून बघायचे. हँडल बदललं. मागचं मडगार्ड वीतभर कापलं. साखळीवरचं झाकण काढलं, इंडिकेटर काढून बोराएवढे बारीक बसवले. वेल्डिंगवाल्या मित्राचा ग्राइंडर आणला होता, त्याच्या ठिणग्या उडायला लागल्या की शेजारची लेकरं भिंतीवर रांगेनं बसायची. शिकलो सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून. त्या व्हिडिओंत गाडी कुठलीही असो, पहिलं काम ठरलेलं: डाव्या बाजूची जाळी काढायची. ती काढली की गाडी लगेच हलकी, तरणी दिसायला लागते. त्या व्हिडिओंतल्या एकाही गाडीवर मागं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही, पण हे तेव्हा माझ्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

सीट वहिनीनं शिवली. हे नीट वाचा. ती शिवणकाम करते, ओसरीत तिची पायानं चालवायची मशीन आहे. मी काळं रेक्झिन आणून दिलं, तिनं जुनं कव्हर उसवून त्यावरून माप काढलं, आणि तीन सुया मोडून पुढची-मागची दोन्ही कव्हरं शिवली, वर निळ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई घातली. तिला त्या दिवसांत वेळ नव्हता. आठवड्यातून तीन दिवस ती परभणीला शिवणकामाच्या क्लासला जायची, दादा तिला गाडीवर फाट्यापर्यंत सोडायचा आणि पुढं ती टमटमनं जायची. गाडी लिंबाखाली खोलून ठेवलेली होती त्या दिवसांत ती फाट्यापर्यंत चालत गेली. त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही. क्लासची परीक्षा पौर्णिमेनंतर तीन आठवड्यांनी होती. सर्टिफिकेट मिळालं की बचत गटामार्फत शाळेच्या गणवेशाचं काम तिला मिळणार होतं. त्यासाठी दोन वर्षं तिनं मायचं बोलणं खाल्लं होतं. बाईनं कशाला रोज गाव सोडायचं, ब्लाऊज काय घरी शिवता येत न्हाईत, वगैरे.

जाळीवर मी ग्राइंडर लावला तेव्हा ती सीटचं माप बघायला बाहेर आली होती. मी, वेल्डिंगवाला मित्र आणि आणखी दोघं होतो. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भावजी, मागच्या सीटलाबी कव्हर शिवायलेय मी. म्हंजे मागं कुणीतरी बसणार. मग ही जाळी काढली तर पाय कुठं ठेवायचा?"

मी म्हटलं, "वैनी, ही गाडी बघायची हाय. बसायची न्हाई."

सगळे हसले. तीही हसली आणि आत गेली. मी बोल्ट कापला.

रॅली झाली. गाडीची इतकी वाहवा झाली की पुढच्या आठवड्यात गल्लीतले मित्र एकेक करून आपापल्या गाड्या घेऊन आले. माझीबी जरा सरळ करून दे म्हणाले. टाकी रंगवून द्यायला मला वेळ नव्हता. जाळी काढून द्यायला किती लागतो? दहा मिनिटं. सात गाड्यांच्या जाळ्या मी काढल्या. फुकट. त्या पोत्यात भरून ठेवल्या होत्या, एक दिवस भंगारवाला आला आणि घेऊन गेला.

पौर्णिमेला आमच्याकडची माणसं परभणीला विहारात जातात. माय, दादा आणि लेकरं सकाळी टमटमनं पुढं गेली. वहिनी मागं राहिली, कारण वाटायची खीर तिच्याकडं होती आणि ती उकळायची राहिली होती. तिनं माझ्यासोबत गाडीवर यायचं असं ठरलं. गाडी सुधारल्यापासून ती तिच्यावर पहिल्यांदा बसत होती. जयंतीनंतर दादाला कामावर सकाळची पाळी लागली होती आणि ती फाट्यापर्यंत चालतच जायची.

पांढरी साडी नेसली होती. डोक्यावर पदर, पदराचं टोक पुढं घेऊन कमरेला खोचलेलं. मांडीवर खिरीची झाकणाची केटली. बसली, आणि मला जाणवलं की ती पाय ठेवायला जागा शोधतेय. चप्पल लोखंडाला दोन-तीन वेळा घासली. मी विचारलं, बसल्या का नीट? ती हो म्हणाली. तिनं पाय कुठं ठेवला होता ते मला नंतर कळलं: जाळीचा बोल्ट मी कापला होता, त्याचं एक बोटभर थोटूक तिथं राहिलं होतं. त्याच्यावर.

एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा केटलीवर. बाभळींपाशी रस्त्याला एक साधा उंचवटा आहे. त्यावरून गाडी गेली, आणि मला मागून कुणीतरी गाडी धरल्यासारखं वाटलं. मग खांद्यावरचा हात गेला.

ओरडली नाही ती. हेच मला अजून समजत नाही. गाडी आडवी झाली, माझा कोपर खरचटला, मी उठलो, आणि ती रस्त्यावर उताणी, डावा पाय मागच्या चाकात. टाच आरांच्या मधे. पांढरी साडी चाकात ओढली जाऊन काळी-लाल पीळ झालेली. खीर तिच्या अंगावर, रस्त्यावर, गरम. आणि मी उभा. मोर्चात लाठी बसली तरी घोषणा न थांबवणारा मी, दोन मिनिटं उभा होतो, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की टाकीला खरचटलं असणार.

हे लिहायची मला लाज वाटते. पण गाळलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

एक ट्रॅक्टरवाला बाबा थांबला. त्यानं मला बाजूला ढकललं, ट्रॅक्टरमधला विळा आणला, साडी कापली, चाक हातानं उलटं फिरवलं आणि पाय मोकळा केला. मला म्हणाला, "उभा काय ऱ्हायलास, फोन लाव." तेव्हा मी फोन लावला.

दवाखान्यात टाचेला टाके घालायला कातडी पुरेना, मांडीची काढून लावावी लागली. हाड वाचलं. ते सगळं डॉक्टर नीट सांगत होते, पण त्यांच्याआधी जखम बांधणाऱ्या माणसानं एका वाक्यात निकाल देऊन टाकला होता. साडी अडकली म्हटल्यावर तो म्हणाला, बायका पदर सांभाळीत न्हाईत, रोज एक येती. झालं. पदर. तो शब्द दवाखान्याच्या व्हरांड्यातून आमच्याआधी गावात पोचला. दादा म्हणाला, खोचायचा ना नीट. वहिनीचा सख्खा भाऊ आला, तोही म्हणाला, ताई, तू पहिल्यापासून वेंधळीच. शेजारणी भेटायला आल्या आणि आपापल्या पदराच्या गोष्टी सांगून गेल्या. मायनं तर ओसरीतच जाहीर केलं, "पदर सांभाळता येईना अन् निघाली परभणीला सर्टिफिकेट आणायला." चौथ्या दिवशी ठरलं की क्लास बंद. पाय बरा झाला तरी बंद. गाडीवर बसता येत नाही त्या बाईनं घरी बसावं.

वहिनी काही बोलली नाही. खाटेवर, उशीवर पाय ठेवून पडलेली. मीही काही बोललो नाही.

पण मी गप्प बसणारा कार्यकर्ता नाही ना. अन्याय झाला की माझा हात कागदाकडं जातो. मी बसलो आणि लिहिलं. पहिली ओळ तीच, जी वर आहे. मधल्या जागेत कसूर कुणाचा? रस्त्याचा. त्या रस्त्यावर खड्डा आहे. मला तो खड्डा डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होता. त्या खड्ड्यात गाडी आदळली म्हणून एका श्रमिक भगिनीची टाच गेली, जबाबदार कोण, भरपाई कोण देणार, आठ दिवसांत खड्डा बुजवला नाही तर रास्ता रोको. फर्मास उतरलं होतं. गुरुजींना वाचून दाखवलं, त्यांनी एक शब्द बदलला आणि म्हणाले, बाईची सही घे, तिच्या सहीशिवाय वजन येत नाही.

लक्षात घ्या, मी खोटं लिहायला बसलो नव्हतो. मला खरंच खड्डा दिसत होता. आजही ती गोष्ट आठवली की मी हबकतो. माणसाचं डोकं असं करतं? माझं?

दुपारी वहिनीच्या खाटेपाशी बसून मी तिला पत्रक वाचून दाखवलं, मोर्चात वाचतो तसं, जिथं आवाज चढवायचा तिथं चढवून. तिनं सगळं ऐकून घेतलं. सहीसाठी मी पेन पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही.

"खड्डा पुढं हाय भावजी," ती म्हणाली. "खोक्याच्या पल्याड. तिथवर आपुन गेलोच न्हाई."

मी म्हटलं, तसं नसेल, तुमाला दुखत होतं, आठवत नसेल.

"समदं आठवतंय. मी इचारलं व्हतं."

काय विचारलं होतं, असं मी विचारायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मला कळलं. लिंबाखालचं हसणं जसंच्या तसं कानात आलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. खाटेखाली दवाखान्यातून दिलेली प्लास्टिकची पिशवी होती, ती तिनं मला काढायला लावली. आत ती साडी होती, धुऊन घडी केलेली. डाग गेले नव्हते. वहिनीनं ती मांडीवर उलगडली आणि हातात पदर धरून मला दाखवला. पदर अख्खा. टोकापर्यंत अख्खा, काठावरची निळी किनारसुद्धा कुठं उसवलेली नाही. फाटलेला होता तो खालचा घेर, पायापाशीचा, हात-दीड हात. तिथं वंगण होतं, तिथंच विळ्यानं कापल्याची सरळ रेघ होती.

"पदर खोचलेला व्हता," ती म्हणाली. "खालचं गेलं. पाय ठेवायला जागाच न्हवती तर पाय कुठं जाणार? ज्यांनी त्यांनी पदर, पदर. एकानंबी साडी उलगडून बघितली न्हाई."

मी विचारलं, मग तुमी बोलल्या का न्हाई इतके दिवस.

"बोलले असते तर तुमी म्हणले असते, दुखायलंय म्हणून काहीबी बोलायलीय."

दोन मिनिटांआधी मी नेमकं हेच म्हणालो होतो.

त्या दुपारी मी सायकल घेऊन भंगारवाल्याकडं गेलो. गाडीला हात लावायची हिंमत नव्हती. मला आमची जाळी परत पाहिजे होती, एवढंच डोक्यात होतं, जणू ती परत आणली की सगळं परत येईल. त्याला म्हटलं, साडीगार्ड पाहिजे. तो म्हणाला, मागं जा, बघून घे. मागं पत्र्याच्या शेडला टेकून ढीग होता. सायकलींच्या रिमा, कुकरची झाकणं, आणि जाळ्या. मला वाटलं होतं सात-आठ असतील, आमच्या. पुऱ्या माणसाएवढा उंच ढीग होता तो. गोल गजाच्या, चपट्या पट्टीच्या, चांदीसारखा मुलामा दिलेल्या, गंजलेल्या, काहींना अजून पाय ठेवायच्या पट्टीचं रबर तसंच होतं, टाचेच्या जागी झिजून गुळगुळीत झालेलं. दहा-दहा वर्षं कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको तिथं पाय ठेवून बाजारला, दवाखान्याला, माहेराला गेली असेल. मी एका झिजलेल्या रबरावर अंगठा ठेवून बसलो. भंगारवाल्याला विचारलं, इतक्या कुठून आल्या?

"पोरं काढतेत," तो म्हणाला. "गाडी घरी आली की पहिलं हेच भंगारात. कवा कवा तर कोरीच येती."

आमची सापडली. ओळखली ती ग्राइंडरच्या खुणेवरून, माझाच हात. बाकीच्या सहा मी अंदाजानं निवडल्या, कुठल्या गाडीची कुठली ते मला ओळखता येतं. सातवी काही सापडली नाही.

जाळी बसवणं हे काढण्यापेक्षा अवघड काम आहे. कापलेला बोल्ट ड्रिलनं खरवडून काढावा लागतो, पट्टी वाकली असेल तर ठोकून सरळ करावी लागते, आणि कापलेलं मडगार्ड परत येत नाही, तिथं नवं टाकावं लागतं. वेल्डिंगवाला मित्र मदतीला आला. तो म्हणाला, गाडीचा लूक जाईल रे. मी म्हटलं, जाऊ दे. साखळीवर झाकण परत टाकलं. सगळं झाल्यावर मी वहिनीला हाताला धरून अंगणात आणलं आणि उभ्या गाडीवर, स्टँडवर, बसवलं. तिनं चांगला पाय पट्टीवर ठेवला आणि म्हणाली, चार बोटं पुढं घ्या, टाच मागं जाती. दहा वर्षं साहेबांच्या घरची बाई त्या पट्टीवर अवघडून बसली असणार, कारण तिलाही कुणी विचारलं नव्हतं. आम्ही पट्टी चार बोटं पुढं घेऊन पुन्हा वेल्ड केली. महिनाभर मी त्या गाडीत सुधारणा केल्या म्हणत होतो. पहिली सुधारणा ही.

मग उरलं बोलायचं. मोर्चात हजार माणसांसमोर बोलतो मी, पण ओसरीत माय, दादा, वहिनीचा भाऊ आणि दोन शेजारणी एवढ्यांसमोर बोलणं त्याहून अवघड होतं. तरी सांगितलं. साडी उलगडून दाखवली, पदर दाखवला, खालचा घेर दाखवला, आणि जाळी मी काढली, वैनीनं तेव्हाच विचारलं होतं, मी तिला हसलो, हे सांगितलं. दादानं माझ्याकडं बघितलं नाही. उठला आणि गाडीपाशी जाऊन वाकून जाळी हलवून बघत बसला. माय म्हणाली, तरीबी बाईनं जरा सावरून बसावं. साडी हातात घेऊन तिनं पदराचं टोक चाचपलं. क्लासचा विषय तिनं परत काढला नाही. शेजारणींपैकी एक घरी गेली आणि थोड्या वेळानं तिच्या नवऱ्याची गाडी ढकलत घेऊन आली. त्या सातांतलीच होती ती.

बाकीच्यांकडं मी स्वतः गेलो. चौघांनी बसवून घेतली. एकानं चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत माझी फिरकी घेतली, "आता काय, बायकांचा गॅरेजवाला झालास का रं? माझ्या मागं कोण बाई बसतीय?" त्याची बायको आणि आजी त्याच्याच मागं बसून डोळ्याच्या दवाखान्याला जातात हे टपरीवर सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही म्हणालं नाही. मी म्हणालो. त्यानं अजून बसवलेली नाही. सातव्याची जाळी सापडली नव्हती, त्याला दुसऱ्या गाडीची कापून-जोडून बसवली; वेडीवाकडी आहे, पण आहे.

गुरुजींकडं गेलो. खड्ड्याचं पत्रक परत घेतो म्हटलं, आणि का ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता धीराचं काही बोलतील.

"साचा तोच ठेव," ते म्हणाले. "आरोपी बदल."

वहिनीची परीक्षा गेली. ती परत येणार नव्हती, आली नाही. पुढच्या तुकडीत तिचं नाव लागलंय. टाच अजून पूर्ण टेकत नाही, पाऊल तिरकं पडतं, आणि मशीनची फळी ती सध्या एकाच पायानं दाबते. शिलाई मधेच थांबते तेव्हा मला ओसरीतून ऐकू येतं. परवा ती पहिल्यांदा क्लासला गेली. दादाच्या मागं, एका बाजूला पाय टाकून, पाय पट्टीवर. निघताना तिनं खाली वाकून जाळी हातानं हलवून बघितली. आता ती प्रत्येक वेळी बघते. आम्ही तिला बघायला लावलं.

मधल्या जागेत काय लिहायचं ते मी लिहिलंय. आता मागणी.

हा कागद खाली ठेवा. पुढचं काम घरच्या गाडीपाशी आहे. बाहेर जा. तिच्या डाव्या बाजूला जाऊन वाका आणि मागचं चाक बघा. जाळी नसेल, पाय ठेवायला पट्टी नसेल, तर ती लागेपर्यंत त्या गाडीच्या मागं कुणालाही बसवू नका. जाळी आजच बसवून घ्या. आणि बसवताना, जी बाई त्या सीटवर बसते तिला गाडीपाशी बोलवा आणि विचारा, पाय कुठं ठेवायचा. ती सांगेल तिथं पट्टी लावा.